वैतागलेला की वैतागवाणा? कुठं काय वापरायचं ते एकदा बघून घेऊ

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक जण आहे, मराठी त्याची मातृभाषा नाही पण पठ्ठ्या हट्टानं मराठीतच टाइप करतो आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोन-तीन मराठी मंडळींपेक्षा बरं करतो. एकदा सकाळपासून सिस्टीम तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा त्यानं लिहिलं, "मित्रांनो, आज मी खूप वैतागवाणा आहे." मिनिटभर शांतता, मग कोणीतरी टाकलं, "आजच कशाला, रोजच असतोस की." झालं, हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. बिचारा मला पर्सनलवर विचारतोय की अरे माझं चुकलं काय? कंटाळा-कंटाळवाणा तसं वैताग-वैतागवाणा, बरोबर ना?

तर्क बरोबर होता त्याचा, शब्दही खराच आहे, फक्त तो स्वतःला लावला तिथं घोळ झाला. त्याला म्हणायचं होतं की मला वैताग आलाय, आणि तो म्हणून बसला की माझ्यामुळे बाकीच्यांना वैताग येतो. मी म्हटलं पाच मिनिटांत समजावतो, त्यात अख्खी जेवणाची सुट्टी गेली. तेव्हा जे बोलणं झालं तेच जरा नीट करून इथं लिहितोय, शिकणाऱ्यांना उपयोग होईल आणि ज्यांची मराठी घरचीच आहे पण लिहिताना अडखळतात त्यांनाही होईल, कारण "मी जाम इरिटेटिंग झालोय" म्हणणारे आपलेच लोक मी रोज ऐकतो आणि ती चूक हुबेहूब हीच आहे.

आधी वैताग म्हणजे काय ते

वैताग म्हणजे राग नव्हे. लोक दोन्ही शब्द एकाच्या जागी एक ठोकून देतात पण ते एक नाहीत. समजा दुपारी फोन आला, "सर, पर्सनल लोन हवंय का?" पहिल्यांदा तुम्ही सभ्यपणे नको म्हणता. तिसऱ्यांदा आला की चिडता, दोन शब्द सुनावता. नवव्यांदा आला की मात्र तुम्ही काही बोलतच नाही, नंबर बघता, सुस्कारा सोडता आणि फोन टेबलावर पालथा घालून ठेवता. तो सुस्कारा आणि तो पालथा फोन म्हणजे वैताग. तिसऱ्या फोनला माणूस चिडलेला असतो, नवव्या फोनला वैतागलेला.

म्हणजे वैतागात थोडा राग आहे, बराचसा थकवा आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याचं आपण काही करू शकत नाही ही जाणीव आहे. करता आलं असतं तर माणूस वैतागला नसता, भांडला असता. म्हणून एकदाच झालेल्या गोष्टीला वैतागलेला शब्द सहसा बसत नाही. कोणी रस्त्यात धक्का मारून गेलं आणि तुम्ही म्हणालात "मी वैतागलो", तर ऐकणारा विचारेल, का रे, रोज मारतो का तो धक्का? तिथं चिडलो पाहिजे. उलट वरच्या मजल्यावर महिनाभर ड्रिल चाललंय, तर "चिडलोय" कमी पडतं, तिथं वैतागलोयच हवं. मी स्वतः शब्द निवडताना हीच परीक्षा लावतो, हे कितव्यांदा झालं?

आता मूळ घोळाकडे

हा भाग नीट कळला की बाकीचं आपोआप लागतं, म्हणून इथं जरा थांबतो. विशेषण लावायच्या आधी एकच बघायचं, वैताग नक्की आहे कुठं? ज्याला होतोय त्याच्यात, जो देतोय त्याच्यात, की तो माणसाचा स्वभावच आहे.

ज्याला होतोय त्याला -लेला. वैतागलेला, चिडलेला, कंटाळलेला, त्रासलेला, संतापलेला. व्याकरणाच्या पुस्तकात याला धातुसाधित विशेषण म्हणतात, म्हणजे क्रियापदापासून बनलेलं. वैतागणे ही क्रिया घडून गेली आणि माणूस आता त्या अवस्थेत आहे. उद्या सुट्टी मिळाली की ती अवस्था जाईल, विशेषणही जाईल.

जो देतोय त्याला -वाणा किंवा -दायक. वैतागवाणं काम, कंटाळवाणं भाषण, त्रासदायक आवाज. इथं काम स्वतः वैतागत नाही, ते आपल्याला वैतागवतं. कामाला, प्रवासाला, फॉर्म भरायला, पासवर्ड विसरल्यावर येणाऱ्या त्या सगळ्या पायऱ्यांना वैतागवाणं म्हणा, बिनधास्त चालतं. माणसाला वैतागवाणा म्हटलं तर मात्र ती तक्रार होते, की हा माणूस डोकं खातो. आमच्या त्या मित्रानं नेमकी ती तक्रार स्वतःबद्दलच नोंदवली होती.

पण -वाणा दिसलं की लगेच "देणारा" असंही समजू नका हं, त्याची ट्रेन इथंच चुकली दुसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, मग केविलवाणा म्हणजे जो दुसऱ्यांना केविलवाणं करतो तो? नाही ना. केविलवाणा चेहरा, दीनवाणा माणूस, इथं तो स्वतःच तसा दिसतोय. लाजिरवाणा प्रकार म्हटलं की परत लाज आपल्याला वाटते, प्रकाराला नाही. म्हणजे हा प्रत्यय दोन्हीकडे नाचतो, नियम करायला गेलात की फसाल, शब्द-शब्द लक्षात ठेवायला लागतात. आपल्या विषयापुरतं एवढंच ठेवा, वैतागवाणा आणि कंटाळवाणा हे दोघं देणाऱ्याच्या बाजूचे.

आणि तिसरं, स्वभाव. चिडका, चिडखोर, रागीट, तापट, तिरसट, तुसडा. चिडलेला आणि चिडका यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चिडलेला माणूस तासाभरानं हसेल, चिडका माणूस जन्मभर चिडणार. "तुझा भाऊ चिडलेला आहे का?" ही चौकशी आहे आणि "तुझा भाऊ चिडका आहे का?" हे जवळपास भांडण. लहान मुलं एकमेकांना चिडका बिब्बा म्हणतात ते उगाच नाही, बिब्ब्याच्या काळ्या बीचं तेल कातडीला लागलं की फोड उठतात, आणि डाग असा पक्का की कपड्यावर न जाणारी खूण करायला तेच वापरायचे. हात लावायची सोय नाही असा माणूस म्हणजे चिडका बिब्बा. आणि गंमत म्हणजे ज्याला म्हणतात तो हमखास आणखी चिडतो, त्यामुळे शब्द लगेच खरा ठरतो.

वैतागाला मात्र असा स्वभावाचा शब्द नाही, निदान रोजच्या बोलण्यात तरी मी ऐकलेला नाही. वैतागका कोणी नसतं. मला हे बरोबरही वाटतं, कारण वैताग बाहेरून येतो, कशानं तरी आणलेला असतो, आपण तो जन्मतः घेऊन येत नाही. स्वभावाबद्दल म्हणायचंच असेल तर "सदा वैतागलेला" म्हणायचं, तेवढ्यानं काम होतं.

मधेच एक त्रासिक बसलाय, त्याचं काय करायचं? त्रासिक हा चेहऱ्याचा आणि आवाजाचा शब्द आहे. त्रासिक मुद्रा, त्रासिक स्वर, "ती त्रासिक आवाजात म्हणाली." आतलं जे बाहेर दिसतंय ते त्रासिक. काउंटरमागचा माणूस तुमचा फॉर्म घेतो, वर न बघता पान उलटतो, भुवया आवळतो आणि "झेरॉक्स कुठंय?" विचारतो, तो चेहरा त्रासिक. त्याला खरोखर त्रास आहे की नाही ते आपल्याला माहीत नाही आणि या शब्दाला त्याच्याशी देणंघेणंही नाही. "त्रासिक काम" असं मात्र लिहू नका, कानाला खटकतं, तिथं त्रासाचं काम किंवा त्रासदायक काम.

रूपं, इथं खूप जण मार खातात

वैतागलेला आकारान्त आहे, म्हणून तो नामाप्रमाणे बदलतो. वैतागलेला मुलगा, वैतागलेली मुलगी, वैतागलेलं पोरगं. अनेकवचनात वैतागलेले मुलगे, वैतागलेल्या मुली, वैतागलेली पोरं. शेवटचं बघा, वैतागलेली बाई आणि वैतागलेली पोरं, रूप एकच, एक स्त्रीलिंगी एकवचन आणि एक नपुंसकलिंगी अनेकवचन. शिकणाऱ्याला हा अन्याय वाटतो आणि तो आहेच, पण क्रियापदावरून कळतं, बाई आली, पोरं आली, बरं नाही कळत, तिथंही सारखंच आहे! वर्तमानकाळात कळतं, बाई येते, पोरं येतात.

नामाला प्रत्यय लागला की मग लिंगबिंग सगळं संपलं, सरसकट वैतागलेल्या. वैतागलेल्या माणसाला, वैतागलेल्या बाईला, वैतागलेल्या पोरांना. "वैतागलेला माणसाला सांगू नको" असं लिहिलेलं दिसतं ते चूक.

आदराचा मामला वेगळा. घरातल्या बाईला आपण अगं-तुगं करतो म्हणून "आई वैतागलेली आहे", पण शाळेतल्या बाईंबद्दल बोलताना "बाई वैतागलेल्या आहेत." एक बाई, तरी अनेकवचन. पुरुष असेल तर "सर वैतागलेले आहेत." समोरासमोर म्हणायचं तर "काका, तुम्ही वैतागलेले दिसताय", "काकू, तुम्ही वैतागलेल्या दिसताय." काकूंना "वैतागलेली दिसताय" म्हटलं तर अर्धा आदर दिला आणि अर्धा काढून घेतला असं होतं.

आणि स्वतःबद्दल? "मी वैतागलेला आहे" असं शिकणारे म्हणतात, कळतं, पण आपण म्हणतो "मी वैतागलेलो आहे." बायका "वैतागलेली आहे" म्हणतात, "वैतागलेले आहे"ही म्हणतात, दोन्ही ऐकू येतं. हो पण "मी एक वैतागलेला माणूस आहे" यात मात्र लेलाच, कारण तिथं विशेषण माणूसला चिकटलंय, मी ला नाही. बरेच जण आम्ही वैतागलेले आहोत लिहितात, बोलताना मात्र "आम्ही वैतागलेलो आहोत" येतं तोंडात, आणि नुसत्या बायकाच असतील तर वैतागलेल्या आहोत.

वैतागलेलं की वैतागलेले, हा प्रश्न एकानं विचारला होता. गप्पांमधे, मेसेजमधे, पात्राच्या तोंडी टिंबवालं लिहा, वैतागलेलं पोरगं. अर्ज, बातमी, निबंध अशा ठिकाणी वैतागलेले मूल. दोन्हीची सरमिसळ एकाच वाक्यात केली की मास्तर लाल पेन काढतात, काढू देत, पण खरंच ते दिसायला वाईट दिसतं.

बरं, आता एक गोष्ट जी पुस्तकात नीट कोणी सांगत नाही. बोलताना आपण "मी वैतागलेलो आहे" फारसं म्हणतच नाही. आपण म्हणतो "वैतागलोय." "पार वैतागलोय", "वैतागून गेलोय", "वैताग आलाय नुसता." विशेषण कधी येतं? जेव्हा ती अवस्था आधीपासून चालू आहे आणि त्यावर पुढचं काहीतरी सांगायचंय तेव्हा. "तो आधीच वैतागलेला आहे, त्यात तू जाऊन पैसे मागू नकोस." "वैतागलेली होती म्हणून तसं बोलली, मनावर घेऊ नको." इथं वैतागलेला ही मागची भिंत आहे आणि मुख्य गोष्ट पुढे आहे. ताजी बातमी द्यायची असेल तर क्रियापद, मागचा संदर्भ द्यायचा असेल तर विशेषण. शिकलेली मराठी आणि घरातली मराठी यातला फरक अशाच ठिकाणी उघडा पडतो.

जोर द्यायचा असेल तर जाम, पार, अगदी, प्रचंड, ज्याला जे आवडेल ते. फक्त "पार" हा शब्द शेवटपर्यंत गेलेल्या गोष्टीला लागतो म्हणून पार वैतागलेला बरोबर, पार वैतागवाणं विचित्र. तिथं अगदी वैतागवाणं म्हणा.

ला, वर, नी

हे छोटं आहे पण याशिवाय वाक्य उभं राहत नाही. ज्या गोष्टीनं जीव नकोसा केला तिला "ला" लागतो, "मी या आवाजाला वैतागलोय", "रोजच्या त्याच त्या कामाला कंटाळलेला माणूस." ज्याच्यावर तो वैताग बाहेर पडतो त्याला "वर". आता हे वाक्य बघा: आवाजाला वैतागलेला माणूस बायकोवर वैतागतो. दोन्ही वैताग, पण एक आत येतोय आणि एक बाहेर जातोय, आणि ज्या बाईवर तो निघतोय तिचा आवाजाशी काही संबंध नाही. अख्खं घरगुती भांडण दोन प्रत्ययांत मावलं.

चिडलेला आणि नाराज यांना वर लागतो, तुझ्यावर चिडलेली, सरांवर नाराज. त्रस्त, हैराण आणि बेजार यांना नी किंवा मुळे, डासांनी हैराण, दुखण्यानं बेजार, खड्ड्यांमुळे त्रस्त. "खड्ड्यांवर त्रस्त" असं एका फलकावर वाचलंय मी, वाचून वाटलं की माणसं खड्ड्यावर जाऊन उभी राहून त्रस्त होतायत.

बाकीचे नातेवाईक

वैतागलेला एकटा नाही, मोठा गोतावळा आहे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. सगळे घेत नाही, जिथं लोक अडकतात तेवढेच घेतो.

त्रस्त हा छापील शब्द आहे. बातमीत, अर्जात, निवेदनात शोभतो. "त्रस्त नागरिक" असं खाली सही करताना लिहा, पण बायकोला फोन करून "मी त्रस्त आहे" म्हणालात तर ती आधी हसेल. मूळ संस्कृतात त्रास म्हणजे भीती आणि त्रस्त म्हणजे घाबरलेला, मराठीत येईपर्यंत भीती गळून गेली आणि उरला तो त्रास. रागाचं तर त्याहून मोठं झालं, संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, प्रेमसुद्धा, आणि आपण तो शब्द घेऊन एकमेकांवर ओरडतो. गाण्यातला राग तेवढा जुन्या घराशी संबंध ठेवून आहे.

हैराण मराठीत म्हणजे त्रासानं अर्धमेला झालेला. हिंदीत हैरान म्हणजे बहुतेकदा चकित. त्यामुळे हिंदीतून येणारे लोक "तुझं काम बघून मी हैराण झालो" असं कौतुक म्हणून म्हणतात आणि समोरच्याचा चेहरा पडतो. बेजारही फारसीतूनच आलेला, पण त्यात दुखण्याची छटा जास्त, पाठदुखीनं बेजार, खोकल्यानं बेजार.

नाराज हा शांत शब्द आहे. नाराज माणूस ओरडत नाही, फोन उचलत नाही. आणि रुसलेला म्हणजे नाराज पण मनधरणीची वाट बघणारा, हा फरक ज्याला कळला नाही त्याचे संसारात हाल होतात.

रागावलेला जरा जपून, कारण रागावणे म्हणजे ओरडा देणे असाही अर्थ आहे. "आई मला रागावली" म्हणजे बोलणी बसली. "आई रागावलेली आहे" म्हणजे अजून बसायची आहेत.

संतापलेला, भडकलेला, खवळलेला हे वरच्या पट्टीतले. संतापमधे ताप आहेच, म्हणजे गरम झालेला. भडकतात त्या आगी, किमती आणि माणसं. खवळतो तो समुद्र, म्हणून माणसाला खवळलेला म्हटलं की त्याच्यासमोर उभं राहायची सोय नाही असं चित्र येतं. चवताळलेली म्हटली की वाघीण किंवा नागीण. पिसाळलेला मात्र कुत्र्याकरता ठेवा, माणसाला लावला तर ती शिवीच होते.

छोटं बाळ झोप न झाल्यानं दिवसभर कुरकुरतंय तर ते वैतागलेलं नाही, ते किरकिरं. वैतागायला थोडा अनुभव लागतो. बाळाची आई वैतागलेली.

भंडावलेला हा माझा आवडता, आणि लोक विसरत चाललेत तो. प्रश्नांनी, मागण्यांनी, चारही बाजूंनी एकाच वेळी हल्ला झालेला माणूस भंडावलेला. परीक्षेच्या आदल्या दिवशीचे मास्तर, लग्नघरातला नवऱ्या मुलीचा बाप. त्यांना एकाच गोष्टीचा वैताग नसतो, पन्नास गोष्टींचा असतो. आणि कावलेला, तोही असाच घरगुती, "कावलेय अगदी या पोरांना" हे वाक्य ज्यानं लहानपणी ऐकलं नाही तो विरळाच. गांजलेला मात्र जड शब्द आहे, गरिबीनं, अन्यायानं पिचलेल्या माणसाचा, तो स्लो इंटरनेटला वापरू नका. स्लो इंटरनेटनं कोणी गांजत नाही.

आणि हो, कधीकधी विशेषणाची गरजच नसते, नुसतं नाम पुढे ढकललं तरी चालतं. "वैताग माणूस आहे तो", "काय वैताग काम दिलंय", "वैताग आहेस तू अगदी." व्याकरणवाल्यांना आवडणार नाही पण बोलण्यात हे रोजचं आहे, आणि शेवटचं वाक्य तर बऱ्याचदा लाडानंच म्हटलेलं असतं. डोक्याला ताप, डोक्याला शॉट, डोक्याची मंडई, हे सगळे याच गल्लीतले, मित्रांमधे चालतात, साहेबांना लिहिलेल्या मेलमधे नाही.

इंग्रजीवाले शब्द

इरिटेट, फ्रस्ट्रेट हे आता मराठीच झालेत म्हणा ना, मी काही शुद्धीचा झेंडा घेऊन उभा नाही. फक्त घ्यायचेत तर बरोबर बाजूला घ्या. इरिटेटेड म्हणजे वैतागलेला, इरिटेटिंग म्हणजे वैतागवाणा. जोडी तीच, फरक तोच, म्हणून ज्याला इंग्रजीचं कळतं त्याला मराठीचं दोन सेकंदात कळायला हवं, आणि ज्याला एकात घोळ होतो त्याला दोन्हीत होतो. "मला इरिटेट होतंय" हा मधला मार्ग लोकांनी काढलाय तो चांगला आहे, त्यात चुकायला जागाच नाही. "मला वैताग येतोय"चंच ते भावंड.

तरी एक सांगतो, लिहून बघा. "मी खूप इरिटेटेड आहे" आणि "मी पार वैतागून गेलोय." पहिल्यात माहिती मिळते, दुसऱ्यात सुस्कारा ऐकू येतो. शिवाय "वैताग" मधला तो ऐ ओढायला बरा पडतो, वैऽऽताग. इरिटेटेड ओढून बघा, नाही ओढता येत.

कोणासमोर काय

वैतागलेल्या माणसाला "तू वैतागलेला आहेस" असं तोंडावर सांगू नका. खरं असेल तर तो म्हणणार, "मी? मी कुठं वैतागलोय?" आणि ते तो ज्या आवाजात म्हणेल त्यानंच तुमचं म्हणणं सिद्ध होईल, पण तुमचा फायदा शून्य. प्रश्न करा, आणि शब्द एक पायरी खालचा वापरा. "दमलास का रे?" "कंटाळलीस का गं?" कंटाळलेलं असणं कोणी लगेच कबूल करतं, मग वैताग आपोआप बाहेर येतो, दहा मिनिटं ऐकायची तयारी मात्र ठेवा.

मोठ्या माणसांबद्दल त्यांच्यासमोर वैतागलेले म्हणणं जरा आगाऊपणाचं वाटतं, तिथं "त्रास होतोय का तुम्हाला?" बरं. आणि आपल्या वैतागाचं कारण समोरचाच असेल तर? तर त्याला वैतागवाणा म्हणायच्या ऐवजी वैताग कशाचा आहे ते सांगावं. "तुम्ही फार वैतागवाणे आहात" म्हटलं की संबंध संपला. "रोज रात्री अकरानंतर ड्रिल चालतं त्याला आम्ही वैतागलोय" म्हटलं तर निदान ड्रिलबद्दल बोलणं होतं.

लेखी तक्रार असेल तर पहिल्या ओळीत विशेषणांची माळ लावू नका. मी एकदा पाणी येत नाही म्हणून अर्ज लिहिला होता, त्यात "अत्यंत त्रस्त, संतप्त व हवालदिल" असे तीन दागिने घातले होते. तिथल्या बाईंनी वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण पाणी किती दिवस नाही ते कुठंय यात?" ते लिहायचंच राहिलं होतं. दुसरा अर्ज लिहिला त्यात एकच त्रस्त ठेवला आणि तारखा घातल्या.

तर तो आमचा मित्र. परवा सिस्टीम परत बंद पडली. ग्रुपवर त्याचा मेसेज आला, "मी वैतागलेलो आहे, सिस्टीम वैतागवाणी आहे, आणि ज्यानं मागच्या वेळी मला हसला तो चिडका आहे." मी टाइप करायला घेतलं की "ज्यानं हसला" नाही, "जो हसला" पाहिजे, मग म्हटलं जाऊ दे, आज नको.